माझा पासवर्ड, अख्ख्या विंगचा

मराठी विभागाचे संपादक 'काहीतरी लिही' म्हणून मागे लागले तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. एक तर मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास म्हणजे आमच्यासाठी थोडी विश्रांतीच असायची! माझं जे काही मराठी आहे ते निम्मं आजीकडून आलेलं आणि निम्मं या हॉस्टेलमध्ये जमवलेलं, त्यामुळे त्यात कधी लातूर डोकावेल तर कधी यवतमाळ. पण विषय असा आहे की तो इथल्याच लोकांना सांगायला हवा. कारण आपलं निम्मं हॉस्टेल उद्या वेबसाइट्स बनवणार आहे आणि उरलेलं निम्मं त्यांवर लॉगिन करणार आहे. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मला 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' नावाचा डोळ्यांचा आजार आहे. नाव अवघड, अर्थ सोपा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू काम करायच्या थांबतात. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि मग नळीतून बघितल्यासारखा समोरचा एवढासा तुकडा उरतो. दहावीपर्यंत मी पहिल्या बाकावर बसून फळा वाचायचे. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीट्स नाक टेकवून काढल्या. आता लॅपटॉपवर अक्षरं खूप मोठी केली तर दहा-पंधरा मिनिटं वाचता येतं, पुढे डोकं ठणकायला लागतं. बाकी सगळा अभ्यास कानांनी. मेसच्या रांगेत मी हेडफोन लावून गाणी ऐकत असते असा ज्यांचा समज आहे, त्यांना सांगते, बहुतेक वेळा ते 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' असतं!

हे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. मी वापरते ते एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतलं, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्रही सोबत आला. तेव्हा बाजारात असलेले स्क्रीन रीडर इतके महाग होते की डोळसाला कॉम्प्युटर जेवढ्यात पडायचा, त्यापेक्षा जास्त पैसे अंध माणसाला नुसत्या सॉफ्टवेअरला मोजावे लागायचे. एनव्हीडीए मात्र फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. मराठीही वाचतं, जरा नाकात बोलतं इतकंच.

आता थोडं टेक्निकल. बऱ्याच जणांना वाटतं की स्क्रीन रीडर पडद्याचा फोटो काढून वाचतो. तसं नाही. ब्राउझर तुमच्यासाठी पान रंगवतो, त्याच वेळी तो एचटीएमएलमधून आणखी एक झाड तयार करतो. कम्पायलरच्या पेपरात आपण जसं झाड काढतो तसंच. त्यात प्रत्येक गोष्टीबद्दल मुख्यतः तीन गोष्टी असतात : ही कोण आहे (खोका, बटन, लिंक), हिचं नाव काय, आणि ही आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. तुम्हाला रंगवलेलं पान मिळतं, मला हे झाड मिळतं. कोड लिहिणाऱ्याने नाव दिलंच नाही तर त्या फांदीवर नाव नसतं. बस्स, एवढंच!

तर आपल्या विद्यापीठाचं परीक्षेचं पोर्टल. तुम्ही ते उघडता तेव्हा वर लोगो, खाली पीआरएनचा खोका, पासवर्डचा खोका, कॅप्चा, आणि निळं बटन दिसतं. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा टॅब दाबत गेल्यावर मला जे ऐकू आलं ते असं : "एडिट, ब्लँक. एडिट, प्रोटेक्टेड, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटन." संपलं. 'पीआरएन' हा शब्द खोक्याशेजारी डोळ्यांना दिसतो, पण त्या शब्दाचा आणि खोक्याचा संबंध कोडमध्ये जोडलेलाच नव्हता. 'लेबल'चा एक टॅग, एक ओळ. ती नसल्यामुळे मी अंदाजाने भरायचे. 'प्रोटेक्टेड' म्हणाला म्हणजे हा पासवर्ड असणार, त्याच्या आधीचा पीआरएन असणार. बटन कशाचं? दाबल्यावर कळेल!

पासवर्डच्या खोक्यात टाइप करायला लागलं की एनव्हीडीए फक्त "स्टार, स्टार, स्टार" म्हणतो. बाजूला बसलेल्याला माझा पासवर्ड ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणजे बघा, माझं सॉफ्टवेअर माझा पासवर्ड मलासुद्धा बोलून दाखवत नाही... आणि तो आमच्या अख्ख्या विंगला पाठ होता!

तो पाठ का झाला, तर कॅप्चामुळे. त्या चित्राला कोडमध्ये नाव दिलं होतं 'कॅप्चा'. हे ऐकून मला काय कळणार? चित्र आहे, चित्रात कॅप्चा आहे, काय लिहिलंय ते गुपित. 'तुम्ही माणूस आहात की यंत्र' हे ठरवायची ही परीक्षा. या नावामागे अ‍ॅलन ट्यूरिंग आहे, ज्याने १९५० साली 'यंत्र विचार करू शकतं का' हा प्रश्न मांडला. २००० च्या आसपास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी ही कल्पना उलटी करून वापरली : आता यंत्राने माणसाची परीक्षा घ्यायची. वाकडीतिकडी अक्षरं माणूस वाचतो, यंत्राला जमत नाही, हा त्यामागचा हिशोब. पण जो माणूस बघूच शकत नाही त्याचं काय? त्या पानाच्या लेखी मी यंत्र! आणि खरी गंमत पुढे आहे. २०१४ साली गूगलनेच जाहीर केलं की त्यांचा प्रोग्रॅम सगळ्यात अवघड वाकडी अक्षरंसुद्धा ९९.८ टक्के अचूक ओळखतो. म्हणजे ज्याला अडवायचं तो आरामात आत जातो, आणि बाहेर राहतो कोण, तर मी.

सुरुवातीला मी कॅप्चाचा स्क्रीनशॉट विंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. उत्तरं यायची, पण तीन जणींची तीन. "ते कॅपिटल आय आहे की स्मॉल एल?" यावर चर्चासत्र. यवतमाळची माझी रूममेट डोळे बारीक करून म्हणायची, "अवं बाई, हे तर मलेच नाही दिसून राह्यलं!" एकमत होईपर्यंत कॅप्चा बदललेला असायचा. एकदा फोनवरच्या एआयवाल्या अ‍ॅपला विचारलं, तर त्याने नम्रपणे नकार दिला. कॅप्चा यंत्रांना अडवण्यासाठी असतो म्हणून तो वाचून देता येणार नाही, म्हणे. इतकं प्रामाणिक यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

त्यात आणखी सेशनची भानगड. पाच मिनिटांत लॉगआउट. तुम्ही नजर फिरवून फॉर्म तीस सेकंदांत बघता. मी तो ओळीओळीने ऐकते, त्यामुळे चौथ्या विषयापर्यंत पोचते आणि पोर्टल मला बाहेर काढतं. पुन्हा एडिट ब्लँक, पुन्हा कॅप्चा, पुन्हा चर्चासत्र. काही चुकलं तर चुकीचा खोका फक्त लाल व्हायचा. लाल रंगाला आवाज नसतो हो.

मग एका सेमिस्टरला लेट फी लागायच्या आदल्या रात्री मी कंटाळून रूममेटला म्हटलं, "तूच भर गं, हा घे पासवर्ड." ती सुट्टीत गावी गेली की शेजारच्या रूममधलीला. तिला सबमिशन असलं की समोरचीला. असं करत करत पासवर्ड विंगभर झाला. फॉर्म भरताना रूममेट पानावरच्या सूचना मोठ्याने वाचत होती. त्यातली पहिलीच सूचना : आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये. ही सूचना स्कॅन केलेल्या चित्रात होती, त्यामुळे मला तोवर माहीतच नव्हती. ती मला वाचून दाखवली ती माझाच पासवर्ड टाइप करता करता!

तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. पण रिझल्टच्या दिवशी हसू आलं नाही.

एम-थ्रीचा रिझल्ट लागला तेव्हा मी लॅबमध्ये होते. रूमवर आले तर नेहमीचा गोंगाट नव्हता. माझा रिझल्ट आधीच बघून झाला होता. प्रेमानेच बघितला होता, मला पटकन सांगता यावा म्हणून. कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, "चहा घेतेस का?" तिथेच मला कळलं. मला एम-थ्री राहिल्याचं दुःख होतंच, ते पुढच्या वेळी मी काढलंही. पण ती बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली, हे अजून टोचतं. नापास व्हायचं असेल तर ते आधी एकटीने वाचायचा हक्क तुम्हा सगळ्यांना आहे. बाथरूममध्ये जाऊन रडायचं, मग तोंड धुऊन बाहेर येऊन सांगायचं. मला ती पाच मिनिटं मिळालीच नाहीत.

मैत्रिणींबद्दल माझी तक्रार नाही, हे ठळक अक्षरात छापा. त्या नसत्या तर मी इथवर आलेच नसते. मुद्दा वेगळा आहे. त्या लॉगिनच्या आत फक्त मार्क नसतात. स्कॉलरशिपसाठी दिलेला बँकेचा खाते नंबर असतो, घरचं उत्पन्न असतं, जातीचा दाखला असतो, आणि माझ्या बाबतीत डोळ्यांचं सर्टिफिकेट असतं, ज्यावर मी 'किती टक्के' आहे ते लिहिलेलं असतं. पासवर्ड म्हणजे सही. मदत घ्यायला मला लाज वाटत नाही. रस्ता ओलांडताना मी कुणाचाही हात धरते. पण सही कुणी दुसऱ्याने करायची नसते.

मी परीक्षा विभागात विचारायला गेले तेव्हा तिथले काका खरंच चांगले वागले. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "अगं बाळ, मैत्रिणीला सांग की भरायला. दोन मिनिटांचं तर काम!" सगळे हेच म्हणतात. कुणीतरी भरेल. आणि कुणीतरी भरतंच, म्हणून ते पान वर्षानुवर्षं तसंच राहतं. मदत इतकी सहज मिळते की चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि हे फक्त माझ्यापुरतं आहे असं समजू नका. ज्याला डिस्लेक्सिया आहे त्याला वाकडीतिकडी अक्षरं म्हणजे शिक्षाच. ज्याचा हात थरथरतो त्याला एवढुशा चौकोनावर माऊस टेकवणं जमत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला फोन करून सांगितलेला ओटीपी काय उपयोगाचा? लाल-हिरव्यात गल्लत होणारे तर वर्गात असतातच, आणि त्यात मुलं जास्त, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मागच्या गॅदरिंगच्या क्रिकेटमध्ये उजवा हात मोडून घेतलेल्या आपल्या बॉलरला विचारा. महिनाभर डाव्या हाताने पाच मिनिटांत फॉर्म भरताना त्याला माझी आठवण आली होती, असं त्यानेच सांगितलं.

यावर उपाय काय, हे कुणाला माहीत नाही असंही नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९९९ सालीच काढली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी! सध्याची आवृत्ती, २.२, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात लॉगिनसाठी वेगळा नियमच आहे : आत येण्यासाठी माणसाला काही पाठ करायला, कोडं सोडवायला किंवा अक्षरं बघून उतरवायला लावू नका, लावायचंच असेल तर दुसरी सोय द्या. पासवर्डच्या खोक्यात 'पेस्ट' बंद करणं हेसुद्धा याच नियमात अडतं. वेळ संपत आली तर आधी सांगा आणि एक कळ दाबून ती वाढवायची सोय द्या, त्यासाठी निदान वीस सेकंद द्या, हा जुना नियम. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ : १ फरक ठेवा, हा आणखी एक. यात रॉकेट सायन्स कुठे आहे?

कायदाही आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते यात एकवीस झाले. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव झाल्या. सरकारी आणि अनुदानित संस्थांत अशा जागेवर प्रवेश मिळतो, पण त्यानंतर जे पोर्टल उघडावं लागतं ते उघडत नाही, असा हा प्रकार! नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते 'शिफारस' म्हणून चालणार नाहीत, काही किमान गोष्टी बंधनकारक हव्यात. मग ३० एप्रिल २०२५ ला आणखी एक निकाल आला. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा म्हणतात. अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या त्यांनी काय करायचं? अंध माणसाने कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा कसा आणायचा? त्यावर न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मी तो निकाल एनव्हीडीएवर ऐकला. तो मात्र स्कॅन केलेला नव्हता!

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१० साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली होती. वेबसाइट्स, लायब्ररीचा कॅटलॉग, कोर्सचं सॉफ्टवेअर, यातलं बरंच काही अंध विद्यार्थ्यांनाच काय, अंध प्राध्यापकांनाही वापरता येत नव्हतं. २०११ मध्ये समझोता झाला आणि विद्यापीठाने हे सगळं सुधारायचं मान्य केलं. भांडल्याशिवाय तिथेही काही हललं नाही.

आम्हीही थोडं भांडलो. म्हणजे मी, माझी रूममेट आणि आयटीचा एक जण. सुरुवात घरातून, आपल्या कॉलेजच्या लायब्ररीच्या लॉगिनपासून. ते पान आपल्याच सीनिअर्सनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेलं. लायब्रेरियन सरांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मग करा की दुरुस्त!" एका दुपारचं काम निघालं. खोक्यांना लेबलं जोडली. 'लाल खोक्या'च्या जागी 'पासवर्ड चुकला' अशी ओळ आणली आणि स्क्रीन रीडर ती लगेच वाचेल असं केलं. कॅप्चा काढून टाकला. त्याऐवजी पाच वेळा चुकलं की खातं थोडा वेळ बंद. खर्च शून्य रुपये.

विद्यापीठाकडे एचओडी मॅडमच्या सहीने दोन पत्रं गेली. पहिल्याचं उत्तर, 'अर्ज पुढे पाठवला आहे'. दुसऱ्यानंतर मात्र एक दिवस पोर्टल उघडलं आणि एनव्हीडीए म्हणाला, "पीआरएन, एडिट, ब्लँक." मी तीनदा ऐकलं. सेशनही वीस मिनिटांचं झालं. कॅप्चा अजून तसाच आहे, स्कॅन केलेल्या सूचनाही तशाच. त्यामुळे सध्या मी रूममेटकडून फक्त सहा अक्षरं उसनी घेते, बाकी सगळं माझं मी करते. त्याच रात्री पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी विंगमधून तक्रार आली, "अगं, आपला पासवर्ड का बदललास?" आपला! आता तो कुणालाच माहीत नाही. कॅप्चासाठी तिसरं पत्र तयार आहे. पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म निघायच्या आधी ते जाईल.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे माझं मागणं छोटंसं आहे. मिनी प्रोजेक्टला आपण सगळेच एक लॉगिन पेज बनवतो. जमा करायच्या आधी माऊस काढून बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून आत जाऊन दाखवा. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, हेडफोन लावा, स्क्रीन बंद करा आणि पुन्हा आत जाऊन दाखवा. दहा मिनिटं लागतील. आणि आमच्या सर-मॅडमना विनंती, की टर्मवर्कच्या मार्कांत याचा एक मार्क ठेवा. एका मार्कासाठी आपली मुलं काय वाट्टेल ते करतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे!

टेस्टिंगला माणूस हवा असेल तर मी आहेच. मुलींनी रूमवर यावं, मुलांनी रीडिंग हॉलमध्ये गाठावं. चहा मात्र तुमच्याकडून.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी